आखणारे आणि उगाळणारे

आमच्या महाडात पूर येतो. हे वाक्य एखाद्या पुणेकरापुढे उच्चारलं की तो डोळे बारीक करतो आणि विचारतो, "मग तुम्ही लोक आधी काही प्लॅनिंग करत नाही का?" जणू आम्ही दरवर्षी पुराला आग्रहाचं निमंत्रण पाठवतो आणि पानं मांडायला तेवढी विसरतो! अहो, प्लॅनिंगची कमतरता महाडला कधीच नव्हती. आराखडे आहेत, नकाशे आहेत, नकाशावर निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. नदीला त्या दिसत नाहीत, हा नदीचा दोष. पण आज मला नदीशी भांडायचं नाही. भांडायचं आहे ते माझ्या भाच्याशी, आणि त्याच्या निमित्ताने आखणाऱ्या सगळ्या मंडळींशी. जमलं तर शेवटी स्वतःशीही.

भाचा पुण्यात असतो आणि तो यूएक्स डिझायनर आहे. म्हणजे नेमकं काय, हे मला तीन वर्षं कळलं नव्हतं. त्याच्या आईलाही नाही. स्थळांना माहिती देताना ती "कॉम्प्युटरवर चित्रं काढतो, पण पगार चांगला आहे" एवढंच सांगते. शेवटी एकदा त्यानेच मला समजावलं. "मामा, कुठलीही वस्तू वापरताना माणसाला जो अनुभव येतो ना, तो आधीच आखायचा. तेच आमचं काम." डॉन नॉर्मन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी 1988 साली दारं, नळ आणि शेगड्या माणसाला कशा बुचकळ्यात टाकतात यावर आख्खं पुस्तक लिहिलं; पुढे ॲपल कंपनीत गेल्यावर त्यांनी 'यूजर एक्स्पीरियन्स' हे नाव रूढ केलं. दार उघडलं नाही तर आपण दाराला लाथ मारतो. अमेरिकन माणूस पुस्तक लिहितो. प्रगती म्हणतात ती ही.

मला तर एकदम पटलं. कारण इथल्या एका कार्यालयात (नाव सांगत नाही, पुन्हा तिथेच जायचं आहे) काचेचं दार आहे. दोन्ही बाजूंना अगदी सारख्या मुठी. ढकलायचं की ओढायचं हे कळेना, म्हणून कुणीतरी बाहेरून 'ढकला' असा कागद चिकटवला. आतून बाहेर पडणाऱ्याला तोच कागद काचेतून उलटा दिसतो. तो बिचारा मान वाकडी करून वाचतो, ढकलतो, दार हलत नाही, आणि मग तो दाराशेजारी स्टुलावर बसलेल्या शिपायाकडे बघतो. शिपाई हाताने ओढायची खूण करतो. गेली सहा वर्षं दिवसातून शंभरदा तो ही खूण करतोय. त्या दाराविषयी जगातली सगळ्यात जास्त माहिती त्या माणसाकडे आहे. त्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

माझं भांडण इथूनच सुरू होतं.

गेल्या दिवाळीत भाचा आला तो नुसता फराळाला नव्हे. नदीकाठच्या गावांसाठी पुराची सूचना देणारं ॲप त्याची कंपनी करणार होती, आणि त्याच्या भाषेत 'यूजर रिसर्च' करायला त्याला चार दिवस मिळाले होते. त्याने बाजारपेठेत हिंडून तीस-चाळीस माणसांच्या मुलाखती घेतल्या. आकाश निळं, सावित्री गुडघाभर, दुकानांत आकाशकंदील. अशा वेळी माणसाला पुराबद्दल विचारलं की तो शूर होतो. एकाने तर "पाणी आलं की आम्हाला वासावरूनच कळतं" असं सांगितलं. मी त्याला पुराच्या रात्री चड्डीवर जिन्यात रडताना पाहिलेलं आहे.

मग भाच्याने आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. कोणत्या वापरणाऱ्याला कोणत्या क्षणी काय वाटेल, तो कुठलं बटण दाबेल, याचा तो म्हणे नकाशा. दोन चिठ्ठ्या नेमक्या त्या भिंतीवरच्या दोन खिळ्यांवर आल्या. खालचा खिळा 2005 चा आणि त्याच्या हातभर वरचा 2021 चा. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या कागदाखाली आमचा पूर गेला." तो म्हणाला, "मामा, डोन्ट वरी, गोंद सहज निघतो."

आता हे खिळे. इथे मला माझाच कान धरायचा आहे, तेव्हा वाचकांनी जरा पुढे सरकून बसावं.

25 जुलै 2005 ला आणि त्यानंतर जे पाणी आलं ते ओसरल्यावर मी भिंतीवर खूण केली, खिळा ठोकला आणि त्या खिळ्याच्या वीतभर वर सागवानी फळी मारून घेतली. सातबारे, विम्याचे कागद, लग्नाचे फोटो, बायकोची सतार असं सगळं फळीवर. सोळा वर्षं मी ती फळी पाहुण्यांना दाखवली. काही घरांत ताजमहालाची प्रतिकृती दाखवतात तशी. पूर कसा आला, सुकट गल्लीत कसा शिरला, मी टॉर्च कुठे ठेवला होता, हे मी इतक्या वेळा सांगितलं की बायको मध्येच पुढचं वाक्य म्हणायची. मी याला अनुभवाचा अभ्यास समजत होतो. ते नुसतं उगाळणं होतं. चंदन उगाळलं तर निदान गंध तरी मिळतं. मी सोळा वर्षं एकच पूर उगाळला आणि पुढचा पूरही त्याच मापाने शिवून येईल असं धरून चाललो. 22 जुलै 2021 ला पाणी फळीवरून गेलं. सतार तरंगत दारापर्यंत आली होती. सातबारे उन्हात वाळवले तेव्हा ते पापडासारखे कुरकुरीत झाले, आणि त्यातली अक्षरं आमच्या हक्कासारखीच अंधूक.

तेव्हा भाचा मला म्हणाला, "मामा, तू नुसता मागे बघतोस," तर मला तोंड वर करायला जागा नाही. पण तोही नुसता पुढे बघतो, आणि त्याची जात माझ्या जातीपेक्षा मोठी आहे. तिच्यात मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं आहेत. त्यांचा नियम एकच: आखायचं, बांधायचं, फीत कापायची, आणि परत त्या वाटेला जायचं नाही. नारळ फोडला की वस्तू पूर्ण झाली. वास्तविक ती तेव्हा कुठे सुरू होते.

आमच्याच गावातलं बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर अगदी उत्तम योजना. पुढची तीन वर्षं त्या ठरावाखाली सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही तळ्यावर जाऊन पाहिलं नाही की ज्यांच्यासाठी ते खुलं केलं त्यांच्यातल्या एकाची तरी ओंजळ पाण्याला लागली का. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा पहिल्यांदा त्या ठरावाची परीक्षा झाली. गावाने काय उत्तर दिलं? परत निघालेल्या माणसांना मारहाण केली, तळ्यात घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. शेवटी हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. हे मी विनोदाने सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. पण 'वापरणाऱ्याचा अनुभव' हा शब्द भाचा अमेरिकेहून आलेला समजतो, म्हणून सांगितलं. तो अनुभव घेण्यासाठी इथे माणसांनी डोकी फोडून घेतली आहेत.

दुसरं उदाहरण पुलाचं. महामार्गावरचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल 1928 चा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात गेला, आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं नंतर सरकारतर्फे सांगण्यात आलं. मे महिन्यात! मे महिन्यात सावित्रीत म्हशी बसलेल्या असतात. मे महिन्यात तर मीसुद्धा पूल म्हणून योग्य ठरेन. त्या रात्री पूल नाही हे प्रथम कुणाला कळलं? जवळच्या गॅरेजातल्या माणसाला. त्याने पावसात रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवल्या. म्हणजे पुन्हा तोच आपला स्टुलावरचा शिपाई.

या पुलाबाबत आम्ही उगाळणाऱ्यांनीही आमचा वाटा उचलला आहेच. बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं म्हणे आधीच पत्र आलं होतं, "पुलाचं आयुष्य संपलं, वापर थांबवा" असं. ही गोष्ट मी निदान वीस जणांकडून ऐकली. असं पत्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या पुलाला आलेलं असतं आणि ते कुणीच पाहिलेलं नसतं. ही कथा आम्हाला का आवडते सांगू? चूक विलायतेहून आधीच कळवलेली असली की आपण स्वतः जाऊन खांबाचा पाया बघण्याचा प्रश्नच उरत नाही. नवा पूल वर्षाच्या आत, जून 2017 मध्ये, उभा राहिला. आखणारे मनावर घेतात तेव्हा किती झटपट काम करतात! फक्त मनावर घ्यायला आधी काय काय वाहून जावं लागतं.

भाच्याने यावर तांब्या काढला. म्हणजे पाण्याचा तांब्या. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं सरकारच्या निमंत्रणावरून भारतभर हिंडलं आणि त्यांनी 1958 साली अहवाल दिला. त्याचा पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघायला उपयोग झाला. त्या अहवालात त्यांनी इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत मान दिला तो आपल्या लोट्याला. कोणा एका माणसाने तो आखलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी थोडा थोडा सुधारत आणला. हातातून निसटला म्हणून मान बारीक झाली, धार नीट पडेना म्हणून काठ बाहेर वळला. भाचा म्हणाला, "बघ मामा, हेच तर तुला हवंय, वापरा आणि मागे वळून बघा." मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की पोरगं मला फसवतंय. तांब्याला शेकडो वर्षं मिळाली. तांब्या चुकला तर पाणी सांडतं. आमच्याकडे पाणी चुकलं तर माणसं सांडतात. 22 जुलै 2021 ला आमच्याच तालुक्यातल्या तळियेत दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. तिथे "यंदा शिकू, पुढच्या वेळी सुधारू" म्हणायला कोण उरलं? तेव्हा आधी आखावं लागतंच. पर्जन्यमापक लागतात, इशारे लागतात, भाच्याचं ॲपसुद्धा लागतं. मी ते मोडीत काढत नाही.

मी फक्त एक प्रश्न विचारला. "हे तुझं ॲप तयार कधी होणार?"

"मेच्या शेवटी रिलीज."

"आणि जुलैत तुम्ही लोक कुठे असणार?"

"जुलैत टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर असेल, मामा."

घ्या! दिवाळीत विचारायचं, मेमध्ये फीत कापायची आणि जुलैत दुसऱ्याच्या घरी नारळ फोडायला जायचं. पुलाची पाहणी करणारे आणि हा माझा सख्खा भाचा, दोघांचं पंचांग एकच निघालं.

म्हणून मी त्याला पोलादपूरला मावशीकडे नेलं.

मावशी ऐंशीच्या पुढची आहे. तिच्या घराच्या मागच्या दारातून नदीकडे पाच दगडी पायऱ्या उतरतात. सावित्री महाबळेश्वराला उगम पावते, खाली पोलादपुराला येते, मग आमच्याकडे, आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. तेव्हा मावशीच्या दारातलं पाणी ही आमची उद्याची बातमी असते. तिसरी पायरी बुडली की ती मला फोन करते. पण नुसत्या पायरीवर ती बोलत नाही. आधी पंचांग बघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते, खाडी फुगलेली असली की आमच्याकडचं पाणी उतरायला वाट राहत नाही. "वरचं मी बघते, खालचं तिथी बघते, मधे तू आहेस," असं तिचं शास्त्र. आणि दर पावसाळ्यानंतर ती मला विचारते, "मी फोन केल्यावर किती वेळाने आलं रे?" माझं उत्तर ती दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवते. आमच्या अख्ख्या तालुक्यात आपली सूचना बरोबर होती की चूक, हे पावसानंतर विचारणारी मला माहीत असलेली ही एकच व्यक्ती.

2021 च्या जुलैत, पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर असताना, रात्री तिचा फोन आला. "बाळू, पायऱ्या मोजायच्या राहिल्या नाहीत. पाणी मागच्या दारात आहे. असं मी कधी बघितलेलं नाही. तुझी ती फळी विसर आणि माणसं घेऊन वर जा." मी माणसं वर नेली, पण सातबारे फळीवरच ठेवले. साठ वर्षांचा हिशेब तिने एका रात्रीत बाजूला ठेवला, आणि मला सोळा वर्षांचा एक खिळा सोडवेना. नंतर वीज गेली, फोन गेले, आणि तिचं पुढे काय झालं हे कळायला आम्हाला तीन दिवस लागले. ती शेजाऱ्यांच्या माळ्यावर होती. दिनदर्शिका पदराला बांधून.

भाच्याने हे सगळं ऐकलं आणि उत्साहाने म्हणाला, "अरे, याला आमच्यात नाव आहे!" डोनाल्ड शोन नावाच्या प्राध्यापकांनी 1983 साली लिहिलंय म्हणे, की चांगला कारागीर आधी विचार करतो, नंतर विचार करतो, आणि हात चालू असतानाही विचार करतो. मावशी म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी लिहून ठेवलं. आता तुझं यंत्र दाखव."

त्याने फोन दाखवला. हिरवा, पिवळा, लाल. लाल झालं की 'मी सुरक्षित आहे' असं बटण येतं, ते दाबायचं. मावशीने उठून दिवा बंद केला, मोरीत जाऊन हात ओले करून आली आणि अंधारात बटण दाबायला लागली. दाबलं की पान भलतीकडे सरके. चार वेळा झालं. मग तिने विचारलं, "आणि मी सुरक्षित नसले तर कुठलं दाबू?"

भाच्याने त्यावर काही उत्तर दिलं नाही. परतीच्या गाडीत महाड येईपर्यंत तो गप्प होता. पोलादपूर ते महाड इतका वेळ गप्प बसलेला यूएक्स डिझायनर मी प्रथमच पाहिला.

यंदा आषाढात तो आला. कंपनीने पाठवलं नाही म्हणून स्वतःची रजा टाकून आला. आमच्याकडे उतरलाच नाही, थेट पोलादपूर गाठलं. रात्री साडेअकराला मावशीचा फोन. माझ्या पोटात धस्स झालं, मी फळीकडे (ती आता नवी आहे, आणि रिकामी आहे) बघितलं.

"बाळू, दुसरी पायरी. अजून घाई नाही, भरतीही नाही. भाचा तुझा छत्री घेऊन मागच्या दारात उभा आहे आणि फोन सदऱ्याला पुसतोय. आत ये म्हटलं तर म्हणतो, अजून थोडं भिजू दे. पिठलं-भात दोनदा खाल्लाय त्याने. तू झोप, तिसरी बुडली की उठवते."